होयबा नसलेला वकील : आल्बेर्तो मोरा आणि अमेरिकेचं नौदल

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

पनवेलहून बोलतोय, आणि आजचा विषय पनवेलपासून तसा फार लांबचा आहे. पण शेवटी आपण परत इथेच, शिरढोणपर्यंत येणार आहोत, त्यामुळे थोडा धीर धरा.

झालं असं की, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याने विचारलं, "आमच्या वर्गात सगळे म्हणतात की सरकारचा किंवा कंपनीचा वकील म्हणजे साहेबाला जे करायचंय त्याला कायद्याचा शिक्का मारून देणारा माणूस. नाही म्हणालं तर नोकरी जाते. मग तिथे वकील हवाच कशाला, रबरी शिक्का पुरे की!"

प्रश्न खरा आहे. उपदेश करण्यापेक्षा एका माणसाची गोष्ट सांगतो, म्हणजे उत्तर शोधायला सोपं जाईल. आणि आधीच सांगतो, ही गोष्ट 'शेवटी सत्याचा विजय झाला' अशी नाही. अर्धी तशी आहे, अर्धी नाही.

माणूस कोण?

आल्बेर्तो मोरा. वडील क्यूबाचे, आई हंगेरीची. जन्म अमेरिकेत बॉस्टनला, पण लहानपण क्यूबात गेलं. १९५९ ला तिथे फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले आणि या कुटुंबाने बस्तान हलवलं. ते थेट अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावात येऊन राहिले. म्हणजे कागदोपत्री मुलगा जन्माने अमेरिकन, पण घर मात्र पूर्ण स्थलांतरितांचं. आईच्या माहेरच्यांनी हंगेरीत आधी नाझी आणि मग कम्युनिस्ट राजवट सोसलेली. घरात राजकारण हा गप्पांचा विषय नव्हता, भोगलेली गोष्ट होती.

हा मुलगा १९७४ ला स्वार्थमोर कॉलेजमधून पदवीधर झाला. काही वर्षं परराष्ट्र खात्यात काढली, पोर्तुगालच्या वकिलातीत काम केलं. मग त्याला वाटलं, वकील व्हावं. १९८१ ला मायामी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि तिथेच वकिली सुरू केली. थोरले बुश राष्ट्राध्यक्ष असताना सरकारच्या माहिती संस्थेचे मुख्य विधी सल्लागार झाले. पुढे क्लिंटन यांच्या काळात सरकारी प्रसारणावर देखरेख करणाऱ्या मंडळावर सदस्य होते. विचाराने रिपब्लिकन, म्हणजे उजवीकडचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते ऐकून कुणाला वाटेल की हा सरकारचा विरोधकच असणार. तसं नव्हतं. हा घरातलाच माणूस होता.

२००१ ला धाकट्या बुश यांनी त्यांना नौदलाचे जनरल काउन्सेल नेमलं. म्हणजे नौदल खात्याचा सर्वांत वरचा मुलकी वकील.

नौदलात वकिलाचं काय काम?

इथे जरा थांबू, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. नौदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते करंजाचं ठाणं, नाहीतर अटल सेतूवरून जाताना लांबवर दिसणारी बोट. तिथे काळा कोट कशाला?

अहो, नौदल म्हणजे एक अख्खं गावच. तिथे खरेदी असते, कंत्राटं असतात, जमिनीचे वाद असतात, शिस्तभंगाचे खटले असतात, समुद्राचा कायदा असतो आणि युद्धाचा कायदाही असतो. आपल्याकडे १९५७ च्या नौदल कायद्यात जज अॅडव्होकेट जनरल या पदाची तरतूद आहे. कायद्याची पदवी घेतलेली मुलं-मुली नौदलाच्या विधी शाखेत अधिकारी म्हणून जाऊ शकतात. प्रश्न विचारणाऱ्या मित्राने हेही लक्षात ठेवावं.

अमेरिकेत दोन समांतर रांगा आहेत. एक गणवेशातले वकील, त्यांचा प्रमुख जज अॅडव्होकेट जनरल. दुसरी मुलकी वकिलांची, तिचा प्रमुख जनरल काउन्सेल. राजशिष्टाचारात या पदाचा मान चार तारे असलेल्या अॅडमिरलच्या बरोबरीचा. हाताखाली शेकडो वकील. शिवाय नौदलाची जी गुन्हे अन्वेषण शाखा आहे, एनसीआयएस, तिच्याशी या पदाचा रोजचा संबंध. टीव्हीवर त्या नावाची मालिका आहे, तीच ही संस्था. आपल्या गोष्टीला इथूनच वळण लागतं.

१७ डिसेंबर २००२

आधी पार्श्वभूमी. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर हल्ला झाला. पेंटागॉनवर विमान आदळलं तेव्हा मोरा त्याच इमारतीत होते. म्हणजे दहशतवाद काय असतो हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलेलं नव्हतं.

पुढे अफगाणिस्तानात युद्ध झालं, माणसं पकडली गेली. त्यांना ठेवायचं कुठे? जागा निवडली ग्वांतानामो. ही जागा क्यूबा बेटावर आहे, पण १९०३ पासून भाडेपट्ट्याने अमेरिकेच्या नौदलाकडे आहे. अमेरिकेचा ताबा, पण अमेरिकेची भूमी नाही. त्यामुळे अमेरिकन कोर्टाचा हात तिथे पोचणार नाही, असा हिशेब होता. ११ जानेवारी २००२ ला पहिले कैदी आले. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं की अल-कायदाच्या लोकांना युद्धकैद्यांविषयीचे जिनिव्हा करार लागू नाहीत.

योगायोग बघा. ज्या बेटावरून मोरांचं कुटुंब हुकूमशाहीला कंटाळून निघालं, त्याच बेटाच्या एका कोपऱ्यात हा तुरुंग.

आता १७ डिसेंबर २००२. एनसीआयएसचे संचालक डेव्हिड ब्रँट मोरांच्या कार्यालयात आले. म्हणाले, ग्वांतानामोत आमचे लोक तपासाला आहेत. त्यांच्या कानावर येतंय की तिथले दुसरे चौकशी अधिकारी कैद्यांशी वाईट वागतायत, आणि त्याला वरून मंजुरी आहे असं म्हणतात. आमच्या लोकांना यात भाग घ्यायचा नाही. तुम्हाला आणखी ऐकायचंय का?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कारण 'नको' म्हणायची सोय होती. तो तुरुंग बसवला होता नौदलाच्या तळावर, पण तिथली चौकशी नौदलाच्या हाताखाली नव्हती, वेगळ्या संयुक्त दलाकडे होती. मोरा म्हणू शकले असते, बाबा रे, हे माझ्या खात्याचं नाही. सरकारी नोकरीत हे वाक्य किती उपयोगी पडतं ते तुम्हाला माहीतच आहे. पण ते म्हणाले, हो, ऐकायचंय.

दुसऱ्या दिवशी ब्रँट यांच्या संस्थेचे मानसशास्त्रज्ञ मायकल गेलेस यांनी त्यांना तपशील सांगितले. प्रकरण मुख्यतः मोहम्मद अल-काहतानी या कैद्याचं होतं. विमानं पळवणाऱ्यांत हाही असणार होता, पण अमेरिकेच्या विमानतळावरूनच त्याला परत पाठवलं गेलं, असा संशय. म्हणजे कुणाला दया यावी असा माणूस नव्हे. त्याची चौकशी आठवडेच्या आठवडे चालली होती, दिवसाला वीस-वीस तास. झोप नाही, कपडे उतरवणं, कुत्रे अंगावर सोडल्यासारखं करणं, लैंगिक अपमान.

'फोर्स ड्रिफ्ट' म्हणजे काय?

गेलेस यांनी मोरांना एक कल्पना समजावून सांगितली, ती आपणही समजून घेऊ. तिला ते 'फोर्स ड्रिफ्ट' म्हणत. साध्या मराठीत, बळ वापरायची एकदा मुभा दिली की हात पुढे पुढे सरकत जातो.

समजा अधिकाऱ्याला सांगितलं, एक थप्पड मारली तर चालेल. मारली. माणूस बोलला नाही. मग त्याला वाटतं, एका थपडेने होत नाही, दोन मारू. आणि समजा माणूस बोलला, तर? तर वाटतं, बघा, मारल्यावर बोलतो, आणखी मारलं तर आणखी बोलेल. म्हणजे उत्तर काहीही येवो, पुढची पायरी मारण्याचीच. मध्ये थांबायची जागा नाही. म्हणून सुरुवातीची परवानगी कितीही मोजूनमापून दिलेली असली तरी ती मोजलेली राहत नाही.

हे फक्त अमेरिकेचं नाही, बरं का. आपल्याकडच्या कोठडीतल्या मृत्यूंचे निकाल वाचलेत तर तिथेही अशाच पायऱ्या दिसतात. मारून टाकायचं ठरवून क्वचितच कुणी सुरुवात करतो.

फाईलवरचा शेरा

मोरांनी आता भूदलाच्या जनरल काउन्सेलना गाठलं, स्टीव्हन मोरेलो त्यांचं नाव. मोरेलोंनी त्यांना कागदांचा एक गठ्ठा दाखवला. आम्ही हे थांबवायचा प्रयत्न केला, पण निर्णय झालाय, आता प्रश्न विचारू नका, असं आम्हाला सांगण्यात आलं, असं ते म्हणाले.

गठ्ठ्यात काय होतं? संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी २ डिसेंबर २००२ ला मंजूर केलेलं टिपण. ते तयार केलं होतं संरक्षण खात्याचे मुख्य वकील विल्यम हेन्स यांनी. त्यात चौकशीच्या पद्धतींची यादी होती : तीस दिवसांपर्यंत एकांतवास, वीस तास चौकशी, डोक्यावर टोपडं घालणं, प्रकाश आणि आवाज बंद करणं, कपडे काढून घेणं, कुत्र्यासारख्या भीतीचा वापर करणं, चार तासांपर्यंत उभं करून ठेवणं. सोबत ग्वांतानामोतल्या एका लष्करी वकिलाचं मत जोडलेलं, की हे सगळं कायद्यात बसतं.

आणि खाली रम्सफेल्ड यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारलेला. मतितार्थ असा, की मी स्वतः दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का?

सरकारी कचेरीत काम केलेल्यांना शेऱ्याची ताकद माहीत असते. साहेबाने गमतीत लिहिलं असेल. पण खालचा माणूस तो कसा वाचेल? 'साहेबांना आणखी हवंय' असाच. मोरा हे लगेच ओळखून चुकले. उद्या कोर्टात कुठलाही बचावाचा वकील हा शेरा दाखवून म्हणेल, मंत्र्यांनीच मर्यादा ओलांडायचा इशारा दिला होता.

२० डिसेंबरला ते हेन्स यांना भेटले. आरडाओरडा केला नाही. समोरच्याने नीट विचार केला नसेल असं धरून बोलले. म्हणाले, यातल्या काही गोष्टी छळच ठरू शकतात. एकेक वेगळी बघू नका, एकत्र करून बघा. आणि ते कायद्याचं मत फार कच्चं आहे. तुमच्या मंत्र्यांना वाचवायचं असेल तर हे मागे घ्या.

हा मुद्दा वकिलीतला आहे. मोरा असं म्हणत नव्हते की मी तुमच्या विरोधात आहे. ते म्हणत होते, तुमचा अशील संकटात आहे आणि मी तुम्हाला ते दाखवतोय.

मोरांना वाटलं, झालं, आता हे थांबेल. ते नाताळाच्या सुट्टीला मायामीला गेले.

सही न केलेला मसुदा

६ जानेवारीला ब्रँट परत आले. काहीही थांबलेलं नव्हतं.

आता मोरांना कळलं की ही नजरचूक नाही, हे धोरण आहे. ते पुन्हा हेन्सना भेटले. नौदलाच्या मंत्र्यांना, गॉर्डन इंग्लंड यांना, त्यांनी सगळं आधीपासूनच सांगितलं होतं आणि त्यांचा पाठिंबा घेतला होता. नौदलाचे गणवेशातले प्रमुख वकील, रिअर अॅडमिरल मायकल लोर, हेही सोबत होते. म्हणजे एकटा शिलेदार तलवार घेऊन निघाला असं चित्र डोळ्यापुढे आणू नका. त्यांनी आपल्या साहेबाला अंधारात ठेवलं नाही आणि जोडीला माणसं घेतली.

१५ जानेवारी २००३ ला त्यांनी शेवटचा उपाय काढला. एक टिपण लिहिलं. त्यात स्पष्ट म्हटलं, की या यादीतल्या बहुतेक कठोर पद्धती देशाच्या आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहेत, कमीत कमी त्या क्रूर वागणूक ठरतात आणि वाईटात वाईट म्हणजे छळ. हे टिपण सही न करता हेन्स यांच्याकडे पाठवलं. सोबत निरोप, की आज दुपारपर्यंत पद्धती स्थगित झाल्या नाहीत तर मी यावर सही करणार.

यात विशेष काय? सही नसलेला कागद हा नुसता मसुदा. सही झाली की तो फाईलवर येतो. मग कुणी 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणू शकत नाही. नौदलाच्या सर्वोच्च मुलकी वकिलाने लेखी बजावलं होतं, हे कायमचं नोंदलं जातं. मोरांच्या हातात ना पोलीस होते ना मत देण्याचा अधिकार. होता तो एवढाच, खरं ते लिहून खाली सही करण्याचा.

त्याच दिवशी निरोप आला. रम्सफेल्ड यांनी मंजुरी मागे घेतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती

पण संपली नाही. मंजुरी मागे घेताना एक कार्यगट नेमला गेला, कुठल्या पद्धती चालतील ते ठरवायला. मोरांना वाटलं, आता मोकळी चर्चा होईल. पण गटाला न्याय खात्याकडून आलेलं कायद्याचं मत पाळणं भाग होतं. ते लिहिलं होतं जॉन यू या वकिलांनी. त्याचा रोख असा, की युद्धात राष्ट्राध्यक्षांचा अधिकार इतका मोठा आहे की छळबंदीचे कायदेसुद्धा त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

फेब्रुवारीत मोरा आणि यू समोरासमोर भेटले. मोरांनी नंतर लिहून ठेवलंय की त्यांनी सरळ विचारलं, राष्ट्राध्यक्ष छळाचा आदेश देऊ शकतात का? यू यांचं उत्तर होतं, हो. ते धोरण म्हणून योग्य आहे का, हा माझा विषय नाही, मी फक्त कायदा सांगतोय, असा त्यांचा पवित्रा.

आता इथे बघा, दोन वकील. दोघेही हुशार आणि दोघांचीही कुटुंबं बाहेरून आलेली. यू यांचा जन्म तर दक्षिण कोरियातला. म्हणजे 'स्थलांतरिताच्या पोटी जन्मलेला माणूस आपोआप स्वातंत्र्याच्या बाजूचा असतो' असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले. एकाने विचारलं, कायद्याला वळसा घालून कुठपर्यंत जाता येईल? दुसऱ्याने विचारलं, हा कायदा मुळात केला कशासाठी?

मोरांचं म्हणणं आणखी एका बाबतीत वेगळं होतं. बाकी सगळे 'छळ' या शब्दाची व्याख्या ताणत बसले होते. किती दुखलं म्हणजे छळ? मोरा म्हणाले, प्रश्नच चुकलाय. छळाच्या रेषेच्या अलीकडेही क्रूर आणि अपमानास्पद वागणूक असते, आणि सरकारला तीही करता येत नाही. सरकारने क्रूर असण्याला एकदा हो म्हटलं की माणसाचं आणि सरकारचं नातंच बदलतं. मग कुठल्याही नागरिकाला, तो दोषी असो वा निर्दोष, मूळ हक्क उरत नाहीत.

मोरांनी कार्यगटाच्या मसुद्याला विरोध केला. मग काय झालं? मसुदा त्यांच्याकडे परत आलाच नाही. त्यांना वाटलं, बासनात गेला. प्रत्यक्षात तो एप्रिल २००३ मध्ये त्यांना न कळवता पक्का झाला होता. हे त्यांना समजलं वर्षभराने, २००४ मध्ये, इराकमधल्या अबू घरेब तुरुंगाचे फोटो जगापुढे आल्यानंतर. वाद घालून मोरांना हरवता आलं नाही, तर खोलीबाहेर ठेवून हरवलं. हे आपल्या ऑफिसांतही होतं, नाही का? विरोध करणाऱ्याला बैठकीचा निरोपच जात नाही.

मग उपयोग काय झाला?

७ जुलै २००४ ला मोरांनी चौकशी करणाऱ्या व्हाइस अॅडमिरल आल्बर्ट चर्च यांना २२ पानांचं टिपण दिलं. कोण कधी भेटलं, काय बोललं, सगळं तारीखवार. ते २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कर साप्ताहिकात जेन मेयर यांच्या लेखामुळे लोकांपुढे आलं. आज आपण ही गोष्ट तारखांसकट सांगू शकतो ती त्यांनी लिहून ठेवलं म्हणून. तोवर मोरा सरकारी पद सोडून वॉलमार्ट कंपनीच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे मुख्य वकील झाले होते. त्याच वर्षी त्यांना जॉन केनेडी यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला. आपण का बोललो हे सांगताना त्यांनी आईची आठवण काढली होती. गप्प बसलो असतो तर तिने सोडलं नसतं, असा त्याचा आशय.

२००८ ला अमेरिकन सिनेटच्या सशस्त्र दल समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांचा मुद्दा लष्करी होता. या प्रकारांमुळे शत्रूला माणसं भरती करायला कारण मिळालं आणि मित्रदेश हातचं राखून सहकार्य करायला लागले. समितीने वर्षअखेरीस निष्कर्ष काढला, की रम्सफेल्ड यांची मंजुरी हे ग्वांतानामोतल्या गैरवागणुकीचं थेट कारण होतं.

आणि काहतानी? २००९ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाच्या प्रमुख सुझन क्रॉफर्ड यांनी उघड सांगितलं, की त्याचा छळ झाला म्हणून मी त्याचा खटला पुढे पाठवला नाही. ज्याच्यावर एवढ्या मोठ्या कटाचा आरोप होता, त्याच्यावर खटला चालूच शकला नाही. २०२२ ला त्याला सौदी अरेबियात परत पाठवलं. जे लोक म्हणतात 'मारल्याशिवाय कळत नाही', त्यांनी हा हिशेब मांडून बघावा. मारल्यामुळे न्यायच हातचा गेला.

वरच्या कुणावरही खटला झाला नाही. ग्वांतानामोत एकूण सुमारे ७८० माणसं येऊन गेली, आणि तो तुरुंग बंद झालेला नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं, गोष्ट अर्धीच जिंकलेली आहे. पण जानेवारी २००३ च्या त्या दिवशी आदेश मागे गेला, हेही खरं आहे.

आता आपल्या दारात

हे ऐकून 'बघा अमेरिका कशी' असं म्हणून मोकळं होऊ नका. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ ला सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. २०१० ला लोकसभेत छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि बाद झालं. २०१७ ला विधी आयोगाने पुन्हा शिफारस केली.

तरी आपल्याकडे कायदा अगदीच मुका नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. कबुलीसाठी मारहाण करणं हा वेगळा गुन्हा आहे, पूर्वीच्या दंडसंहितेत ३३० कलम. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले : अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी. १९९३ ला नागपुरात कोठडीत एका माणसाचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषी पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. पण बघा, १९९३ ते २०१८. पंचवीस वर्षं.

आणि आता शिरढोण. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव. वासुदेव बळवंत फडके इथले. १८७९ ला पकडले गेले, पुण्यात खटला झाला, जन्मठेप काळ्या पाण्याची, आणि रवानगी एडनला. समुद्रापलीकडचा तुरुंग, जिथे आपली माणसं पोचणार नाहीत आणि कुणी विचारणार नाही. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच गेले. समुद्रापार नेऊन माणूस नजरेआड करायचा, ही युक्ती ग्वांतानामोच्या आधी सव्वाशे वर्षं इथल्या माणसावर वापरलेली आहे.

त्या खटल्यात फडक्यांचं वकीलपत्र घेतलं गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी. ज्याच्यावर सरकारविरुद्ध बंडाचा आरोप आहे त्याच्या बाजूने भर कोर्टात उभं राहणं त्या दिवसांत किती धोक्याचं असेल! खटला हरले. पण 'याच्या बाजूने कुणी बोललंच नाही' असं इतिहासाला म्हणता येत नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रबरी शिक्का आणि वकील यात फरक एवढाच, की शिक्क्याला 'नाही' म्हणता येत नाही. आणि मोरांनी 'नाही' कसं म्हटलं ते बघ. आधी ऐकून घेतलं. कागद मागून वाचले. आपल्या साहेबाला सांगितलं. समोरच्याला सुधारायची संधी दिली, एकदा नव्हे, दोनदा. मग लिहिलं, आणि सही करायची तयारी ठेवली. यात नोकरी जाईल असं धाडस तसं शेवटच्या पायरीवर आलं. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या चांगल्या कारकुनाच्या आहेत. त्या उद्यापासून, पनवेलच्या कोर्टात काम शिकतानासुद्धा, सवयीच्या करून घेता येतील.

तुमच्यापैकी कुणी सरकारी किंवा खाजगी नोकरीत 'यावर सही करणार नाही' असं कधी म्हटलं असेल, तर काय झालं ते कळवा. नावं टाळून पुढच्या भागात वाचू. तोपर्यंत, नमस्कार.